साडेपाच मीटर पाऊस, तरी झाडं बुटकी

पावसावर झाडाची उंची ठरत असती, तर महाबळेश्वरचं जंगल गगनाला भिडलं असतं. इथे वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला वाईत उतरेपर्यंत तो हजाराच्याही आत येतो. पण वाईकडच्या मळ्यातली जांभूळ वीस मीटरपर्यंत सहज जाते आणि महाबळेश्वरच्या कड्यावरची जांभूळ माणसाच्या दुप्पट उंचीवरच थांबते. जात एकच, मग असं का?

उत्तर शोधायला लॉडविक पॉइंटची पायवाट चांगली. १८२४ मध्ये हा डोंगर चढून आलेल्या जनरल लॉडविक यांचा स्तंभ तिथे आहे. बहुतेक पर्यटक स्तंभापाशी फोटो काढतात, समोरचा प्रतापगड बघतात आणि परततात. वाटेतल्या झाडांकडे सहसा कोणी बघत नाही.

आधी पायाखाली बघा. तांबडा, भोकाभोकांचा दगड दिसतो तो जांभा. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याचा वरचा थर उष्ण, दमट हवेत दीर्घकाळ कुजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तोच हा जांभा. झाडाला लागणारी बरीचशी पोषकद्रव्यंही त्याच पाण्याबरोबर गेली. जांभ्यावर मातीचा थर पातळ आणि खालचं कवच टणक, त्यामुळे मुळांना खोल शिरायला वाव फारसा नाही. पाऊस पडतो तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. जांभ्याच्या भोकांतून पाणी झिरपत खालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत जातं, तिथे अडतं आणि उताराला झरे होऊन बाहेर पडतं. आपल्याला त्यातून नद्या मिळतात, पण माथ्यावरच्या झाडांना फेब्रुवारी ते मे कोरड्यातच काढावे लागतात.

म्हणून इथली पानं चाचपून बघावीत. अंजनीचं पान जाड, चामड्यासारखं, वरून तुकतुकीत. दुमडलं तर कडकन मोडतं. जाड सालीमुळे पानातून पाणी कमी उडतं, आणि असं पान पुन्हा घडवणं खर्चिक असल्यामुळे झाड ते लवकर टाकत नाही. जंगल बारमाही हिरवं राहतं ते याच काटकसरीवर. हिमालयात थोड्या जास्त उंचीवर बांज ओकचं पानही असंच जाड आणि सदाहरित असतं. कूळ वेगळं, पण कोरड्या महिन्यांवरचा तोडगा तोच. सह्याद्रीत मात्र रानातला ओक नाही. पाचगणीच्या रस्त्याकडेचे सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आणून लावलेले आणि ते ओकच्या कुळातलेही नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर अंजनीला जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके येतात. फांदीच्या जुन्या लाकडालाच चिकटलेले, जणू कोणीतरी गोंदाने लावलेत! वाटेत पिसा, हिरडा भेटतो. नशीब असेल तर शेकरूही.

स्तंभाकडे जाताना डोंगराची सोंड निमुळती होते आणि तिसरं कारण अंगावर येतं: वारा. कोकणातून वर चढणारा पावसाळी वारा इथे थेट आदळतो. वाऱ्याकडच्या बाजूचे कोवळे कोंब मोडतात, सुकतात, त्यामुळे शेंडे छाटल्यासारखे सपाट दिसतात. त्याहून गंमतीची गोष्ट झाडाच्या आत घडते. सतत हलवलं जाणारं रोप स्वतःच वाढीची दिशा बदलतं, उंची आवरतं घेतं आणि खोड जाड करतं. प्रयोगशाळेत रोपांना रोज नुसतं हाताने हलवलं तरी हा बदल दिसतो. त्यामागच्या संदेशवहनात इथिलीनचा वाटा असतो. फळं पिकवणारा वायू तोच.

अर्थात सगळा दोष निसर्गाच्या माथी मारू नये. एकाच बुडातून चार-पाच खोडं फुटलेली दिसली, तर ते बहुतेक वेळा जुन्या कुऱ्हाडीचं काम असतं. सरपण आणि कोळशासाठी तोडलेलं झाड असंच फुटतं आणि बुटकं राहतं. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, पण हे घाव त्याआधीचे.

वारा आणि मातीचं हे गणित पटत नसेल, तर कड्यावरून मागे फिरून एखाद्या ओढ्याच्या घळीत बघा. तिथे वारा पोहोचत नाही, वाहून आलेली माती साठलेली असते, ओल टिकते. तीच जांभूळ तिथे सरळ वर गेलेली दिसते.