डोमेन प्रायव्हसी

वेबसाइटसाठी डोमेन घेताना नाव, पत्ता, फोन, ईमेल द्यावा लागतो, तो सार्वजनिक नोंदीत कुणालाही दिसू नये म्हणून केलेली सोय. हूइज प्रायव्हसी, आयडी प्रोटेक्शन, प्रायव्हेट रजिस्ट्रेशन अशा वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, पण त्या नावांखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि २०१८ पासून त्यात तिसरीची भर पडलीय.

ज्या नोंदीतून हे सगळं लपवायचं ती म्हणजे हूइज, आणि ते नेमकं कधीचं यावर एकमत नाही. काही जण १९७० च्या दशकात मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटानं सांभाळलेल्या अर्पानेटच्या (इंटरनेटचं पूर्वरूप) डिरेक्टरीपासून मोजतात, काही १९७७ च्या आरएफसी ७४२ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या तांत्रिक रीती लिहून ठेवणारी क्रमांकित टिपणं) मधल्या नेम/फिंगर या वापरकर्त्याची माहिती विचारायच्या पद्धतीला पूर्वज मानतात. लिखित पुरावा मात्र मार्च १९८२ च्या आरएफसी ८१२ चा, लेखक केन हॅरेनस्टीन आणि व्हिक व्हाइट. १९८२ धरणं जास्त सुरक्षित वाटतं, कारण पोर्ट ४३ वर प्रश्न पाठवायचा आणि साध्या मजकुरात उत्तर घ्यायचं ही पुढे चाळीस वर्षं चाललेली रीत तिथे लिहिलेली आहे. अर्पानेटवर ट्रॅफिक पाठवू शकणाऱ्या प्रत्येकानं पूर्ण नाव, मधल्या नावाचं आद्याक्षर, अमेरिकेतला टपालाचा पत्ता, झिप कोड, फोन आणि एक मेलबॉक्स कळवावा असं त्यात म्हटलंय. म्हणजे पत्ता उघडा ठेवणं ही चूक नव्हती, तोच हेतू होता. यादीतले लोक संशोधन संस्था, विद्यापीठं आणि संरक्षण खात्याशी संबंधित, मशीन बिघडलं तर कुणाला फोन करायचा एवढाच प्रश्न.

पुढे डॉट कॉम आलं (पहिलं सिम्बॉलिक्स, १५ मार्च १९८५), १९९८ मध्ये डोमेनच्या नावांची व्यवस्था बघणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि रजिस्ट्रारनी (डोमेन विकणाऱ्या कंपन्यांनी) ही माहिती फुकट, सर्वांना दाखवावी हे करारातच बसलं. यादी तीच, पद्धत तीच, फक्त आता त्यात घरून ब्लॉग चालवणाऱ्याचा फ्लॅट नंबरही यायला लागला. हूइजमध्ये दिसणाऱ्या ईमेलवर स्पॅम येतोच, आणि पत्ता झाकला की तो कित्येक पटींनी कमी होतो, असं आयकॅनच्याच सुरक्षा समितीनं २००७ मध्ये तपासून सांगितलं. नवीन डोमेन घेतल्यावर वेबसाइट बनवून देतो म्हणून येणारे फोन वाचकांना माहीतच असतील.

आता तांत्रिक फरक, जो चेकआउटच्या पानावर कुणी सांगत नाही. प्रायव्हसी सेवेत मालक म्हणून नाव तुमचंच राहतं, फक्त पत्ता, फोन, ईमेल दुसरा दिला जातो, आलेली पत्रं पुढे पाठवली जातात. प्रॉक्सी सेवेत मात्र कागदोपत्री मालक ती सेवा कंपनीच असते आणि तुम्हाला डोमेन वापरायचा परवाना मिळतो. गोडॅडी या रजिस्ट्रार कंपनीच्या बॉब पार्सन्स यांनी २००२ मध्ये काढलेली डोमेन्स बाय प्रॉक्सी हे या दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यात माहीत असलेलं उदाहरण. आयकॅनच्या २०१३ च्या करारानुसार नुकसान झाल्याचा योग्य पुरावा देऊनही प्रॉक्सीनं खऱ्या वापरणाऱ्याची ओळख सात दिवसांत दिली नाही, तर जबाबदारी तिच्यावर येते, त्यामुळे वकिलाची नोटीस आली की पडदा किती टिकेल हे सेवेच्या अटींवर अवलंबून. उलटा धोकाही आहे. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय हा रजिस्ट्रार कोलमडला, आयकॅननं त्याची मान्यता काढली, तेव्हा ज्यांची नावं झाकलेली होती त्यांना हे डोमेन माझंच हे सिद्ध करणं सगळ्यात अवघड गेलं. त्यानंतर २००९ च्या करारात अशा ग्राहकांची माहिती सुरक्षित प्रतीत ठेवा, नाहीतर ठेवत नाही हे ठळकपणे सांगा अशी अट आली.

तिसरा प्रकार म्हणजे नोंदच झाकणं. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला, आयकॅननं आठ दिवस आधी तात्पुरते नियम काढले, आणि त्याच महिन्यात बॉनच्या न्यायालयानं एका जर्मन रजिस्ट्रारविरुद्धची आयकॅनची मागणी फेटाळली (मालकाशिवाय तांत्रिक आणि प्रशासकीय संपर्कही गोळा करायला लावावेत, ही मागणी). तेव्हापासून डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बहुतेक रकान्यांत 'गोपनीयतेसाठी वगळलं' असंच दिसतं. पण राज्य आणि देश हे रकाने सहसा उघडे राहतात, संस्थेचं नावही दिसू शकतं, म्हणून एकट्यानं धंदा करणाऱ्यानं संस्थेच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव टाकलं की बाकी सगळं झाकून काही उपयोग नाही. खोटी माहिती भरणं हा मार्ग नाहीच, ईमेल किंवा फोन १५ दिवसांत पडताळला गेला नाही तर डोमेन बंद पडू शकतं.

देशांच्या डोमेनचे नियम वेगळे. डॉट यूएसवर २००५ पासून प्रॉक्सीला बंदी आहे, डॉट इनवरही ते डोमेन सांभाळणारी निक्सी ही भारतीय संस्था प्रॉक्सी चालू देत नाही. देवनागरीतलं डॉट भारत (२०१४, मराठी आणि कोकणीही त्यात) निक्सीकडेच आहे. जुन्या हूइजला इंग्रजीपलीकडची लिपी नीट सांभाळता येत नव्हती, २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारवरची हूइजची सक्ती संपली आणि त्या जागी आलेल्या आरडॅप या नव्या पद्धतीत ती अडचण उरलेली नाही.

या सगळ्याच्या बाहेर एक गोष्ट राहते, जुन्या हूइज नोंदी साठवून विकणाऱ्या सेवा. पहिल्या दिवशी पत्ता उघडा ठेवून महिन्याभरानं प्रायव्हसी चालू केली तर पहिल्या दिवसाची प्रत त्यांच्याकडे असू शकते.