बालसंधिवात : शालेय वयातील ओळख

बालसंधिवात म्हणजे सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेला, किमान 6 आठवडे टिकलेला आणि अन्य कारण न सापडलेला सांधेदाह. याच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय सामान्यतः इंग्लिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांना दिले जाते. लंडनमधील 22 मुलांविषयीचा त्यांचा निबंध 1897 मधील आहे. परंतु फ्रान्समध्ये कोर्निल यांनी 1864 मध्ये, तर दियामांबेर्जे यांनी 1890 च्या सुमारास अशा रुग्णांची नोंद केली होती, त्यामुळे हे श्रेय एकट्या स्टिल यांचे मानणे सयुक्तिक नाही. नावाचा वाद पुढे शतकभर चालला. ‘ज्युव्हेनाइल ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ या अमेरिकी संज्ञेला 6 आठवड्यांची, तर ‘ज्युव्हेनाइल क्रॉनिक आर्थ्रायटिस’ या युरोपीय संज्ञेला 3 महिन्यांची अट होती. डर्बन (1997) आणि एडमंटन (2001) येथे वर्गीकरणात झालेल्या सुधारणांनंतर ‘ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ (कारण अज्ञात असलेला बालवयातील सांधेदाह) ही संज्ञा आणि तिचे 7 प्रकार रूढ झाले. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे प्रौढांच्या संधिवातात सहसा सापडणारे प्रतिपिंड थोड्याच मुलांच्या रक्तात आढळत असल्याने हेच नाव अधिक समर्पक वाटते.

लहान मूल बहुधा दुखते असे सांगत नाही. म्हणून शालेय परिचारिकेने तक्रारीची वाट न पाहता हालचाल पाहावी. सकाळी प्रार्थनेच्या वेळी लंगडणारे मूल दुपारच्या जेवणापर्यंत धावू लागते, आणि मोठ्यांना ते सोंग वाटते. वास्तविक रात्रभराच्या विश्रांतीने आखडलेला सांधा हालचालीने सैल होतो, हीच या विकाराची खूण आहे. मांडी घालताना एक गुडघा वर राहणे, त्याच्या वाटीभोवतीचा खळगा भरून येणे, स्पर्शाला ऊब लागणे, आणि हात जोडून कोपरे वर उचलताना तळवे एकमेकांपासून सुटणे या गोष्टी वर्गातच दिसतात. वाढीच्या वयातील पायदुखी मात्र संध्याकाळी किंवा रात्री, बहुधा दोन्ही पायांत होते आणि सकाळी तिचा मागमूस राहत नाही. घसादुखीनंतर एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी वेदना असल्यास संधिवातज्वराची (ऱ्हुमॅटिक फीव्हर) शंका घ्यावी; रात्री झोपेतून उठवणारे हाडांचे दुखणे, फिकटपणा आणि ताप एकत्र असल्यास रक्ताच्या कर्करोगाची तपासणी लांबवू नये.

डोळ्याच्या आतील दाह या विकारात पुष्कळदा लाली वा वेदनेशिवाय होतो. डोळा स्वच्छ दिसला तरी नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पची (प्रकाशाची बारीक रेघ टाकून डोळ्याचा आतील भाग मोठा करून दाखवणारे उपकरण) तपासणी आवश्यक असते. उपचारांत दाहशामके, सांध्यातील स्टेरॉइड इंजेक्शन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट (प्रतिकारशक्तीची अतिक्रिया आवरणारे औषध) आणि जैविक औषधे (दाह घडवणाऱ्या विशिष्ट घटकांना रोखणारी प्रथिने) येतात.

भारतात 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत तपासणी करतात. मात्र त्याच्या 30 विकारांच्या मूळ यादीत बालसंधिवाताचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे मुलाला पुढील तपासणीसाठी पाठवताना चिठ्ठीत सुजलेला सांधा, सूज किती आठवड्यांची आहे आणि सकाळचा ताठरपणा स्पष्ट लिहावा.