टाळेबंदीतील सण : खिडकीपासून पडद्यापर्यंत

टाळेबंदीत घरी बसून सामूहिक प्रार्थना करण्याची रीत २०२० ची मानली जाते. वास्तविक ती बरीच जुनी आहे. १५७६ मध्ये प्लेगच्या साथीत इटलीतील मिलानच्या रहिवाशांना घरातच राहण्याचा आदेश निघाला, तेव्हा तिथल्या धर्मप्रमुखांनी चौकाचौकांत वेद्या उभारून लोकांना खिडक्यांतून उपासनेत सहभागी करून घेतले. बव्हेरियातील ओबरअमरगाउ गावाने १६३३ च्या साथीत बोललेल्या नवसातून दर दहा वर्षांनी होणारे धार्मिक नाट्य सुरू झाले. २०२० चा प्रयोग मात्र साथीमुळेच २०२२ वर ढकलावा लागला.

२०२० मध्ये खिडकीची जागा पडद्याने घेतली. ईस्टरची उपासना रिकाम्या चर्चमधून प्रक्षेपित झाली. हजसाठी आदल्या वर्षी सुमारे २५ लाख भाविक जमले होते; या वर्षी सौदी अरेबियात आधीपासून राहणाऱ्या सुमारे एक हजार जणांनाच परवानगी मिळाली. या बदलांना ‘आभासी’ म्हणण्याचा प्रघात पडला. हा शब्द सदोष आहे, कारण आभास म्हणजे नसलेले दिसणे, आणि इथे माणसे खरी होती, प्रार्थनाही खरी होती.

खरा वाद पेटला तो इस्राएलमध्ये. वल्हांडण (पासओव्हर) या यहुदी सणाच्या पहिल्या रात्रीचे विधी आणि भोजन कुटुंबाने एकत्र करायचे असते, आणि सणाच्या दिवशी विजेची उपकरणे हाताळणे सनातनी यहुदी निषिद्ध मानतात. मार्च २०२० मध्ये १४ धर्मपंडितांनी असा निर्णय दिला की, एकाकी वृद्धांना नातवंडांसोबत विधीत बसता यावे म्हणून व्हिडिओ कॉल चालेल. मात्र तो सण लागण्यापूर्वीच सुरू केलेला असावा आणि ही सवलत केवळ त्या आणीबाणीपुरती समजावी. सर्वोच्च धर्माधिकाऱ्यांनी हा निर्णय फेटाळला. एकाकीपण दुःखद असले तरी त्यासाठी सणाचे पावित्र्य मोडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काही स्वाक्षरीकर्त्यांनीही माघार घेतली. परंपरेच्या चौकटीतच अपवाद शोधणारा हा युक्तिवाद विरोधकांनी मानला त्यापेक्षा अधिक काटेकोर होता, असे आता वाटते.

२०२१ च्या वसंतात लसीकरणानंतर इस्राएलमध्ये बरीच कुटुंबे पुन्हा एका मेजाभोवती बसली. सवलत आणीबाणीपुरतीच असल्याने, साथ ओसरल्यावरही आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांचा प्रश्न तिच्या कक्षेत आलाच नाही.