फुकट काम करायला येणाऱ्या स्वयंसेवकाला नियम लावू नयेत, हा गैरसमज

ठाण्यातल्या गणेशोत्सव मंडळांच्या बैठकीत एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं, "पोरं फुकट येतात, वेळेचं बंधन घातलं तर उद्या येणार नाहीत." हे खरं नाही. पोरं जातात ती बहुतेकदा ताटकळून.

उपवनला कृत्रिम तलावापाशी विसर्जनाच्या संध्याकाळी बघा. टी-शर्ट घातलेले दहा-बाराजण दोरीपाशी नुसते उभे असतात, आणि एकटी मुलगी निर्माल्यातून हारांचे दोरे, प्लास्टिक, थर्माकोल उपसत असते. तिच्या जागी दुसरं कोण, कधी येणार, हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं. पुढच्या वर्षी ती येत नाही, आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना समाजकार्याची आवड नाही. याचा मला मनापासून राग येतो.

३-३ तासांच्या पाळ्या लावा, जागा नेमून द्या, हातमोजे आणि पाणी द्या, अडचण आली तर फोन कोणाला करायचा ते आधीच सांगा. कळव्याहून येणाऱ्याला रिक्षाभाडं दिलं म्हणून तो पगारी होत नाही; व्हाउचर करून खर्च हिशेबात दाखवा. आणि कबूल करून वारंवार न येणाऱ्याला स्पष्ट 'नको' म्हणा. त्याचं काम दुसऱ्याच्याच अंगावर पडत असतं.