भुताला मारायचं गणित

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळात टेबलावर भूत आलं की तलवारवाला खेळाडू हमखास विचारतो, "माझा वार लागणार का याला?" कुठली आवृत्ती खेळताय त्यावर उत्तर बदलतं. ज्याला अंगच नाही त्याला किती लागलं, हे फाशांनी मोजायची खटपट पन्नास वर्षं चालू आहे.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन छोट्या पुस्तिका आल्या, तेव्हा डॅमेजचे, म्हणजे वाराने होणाऱ्या इजेचे, प्रकार अशी काही व्यवस्था नव्हतीच. प्रत्येक मॉन्स्टरच्या वर्णनात त्याच्यापुरता कायदा लिहिलेला असे. वाइट नावाच्या जिवंत मुडद्याला साधे बाण लागत नाहीत, चांदीच्या टोकाचे लागतात. स्पेक्टर या पिशाच्चाला शरीरच नाही, त्यामुळे साधं हत्यारही नाही आणि चांदीही नाही, जादूचंच हवं. वर त्याचा एक स्पर्श झाला की खेळाडूच्या पात्राच्या दोन लेव्हल (अनुभवाच्या पायऱ्या) गेल्या. कित्येक सेशनची कमाई एका फाशात साफ! तेव्हा जादूचं हत्यार नसलेल्या पार्टीपुढे, म्हणजे खेळाडूंच्या टोळीपुढे, दोनच मार्ग असत: भुतं पळवणाऱ्या पुजाऱ्याला, म्हणजे क्लेरिकला, पुढे करायचं, नाहीतर सरळ पळत सुटायचं. एखाद्या कुलपासारखा हा नियम होता. किल्ली आहे की नाही, एवढाच प्रश्न.

(भुतांचं आणि धातूचं वैर आपल्याला नवं नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर अडकित्ता ठेवायची रीत होतीच. फरक इतकाच की आपल्याकडे मान लोखंडाला आणि या खेळात चांदीला.)

1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही (खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात) रेथ या पिशाच्चाला चांदीचं हत्यार लागे, पण निम्मंच. हे 'निम्मं' लक्षात ठेवा, पुढे तेच सगळीकडे पसरलं. त्याच पुस्तकात भुताच्या स्पर्शाने माणूस 10 ते 40 वर्षांनी म्हातारा होई. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतल्या भुताचं नुसतं तोंड पाहूनही वय वाढू शकतं, आणि तिथेही चार बाजूंचा फासा टाकून दहाने गुणायचं, म्हणजे पुन्हा 10 ते 40. जुन्या खेळाडूंना अशा ठिकाणी बरं वाटतं.

2000 साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकाने तिसरी आवृत्ती काढली आणि भुतांसाठी पहिल्यांदा एक सामाईक नियम केला: इनकॉर्पोरियल, म्हणजे अशरीरी. साधं हत्यार पूर्ण निकामी. जादूचं असेल तर वार बसला तरी त्याचा परिणाम न होण्याची शक्यता 50 टक्के. माझ्या मते भुताचं भूतपण सगळ्यात चांगलं उतरलं ते इथे. कारण टेबलावर प्रत्यक्ष घडायचं असं: वार अचूक, सगळे ओरडतात, मग डीएम (खेळ चालवणारा) टक्केवारीचा फासा टाकायला सांगतो आणि तलवार धुक्यातून जावी तशी आरपार जाते. यातून सुटका दोन गोष्टींना होती. एक फोर्स, म्हणजे निव्वळ जादुई शक्तीचा मारा करणारे मॅजिक मिसाइलसारखे मंत्र. दुसरी घोस्ट टच हा गुण असलेली हत्यारं. त्यातली गंमत अशी की तसलं हत्यार भुतालाही उचलता यायचं. तुमच्या हातून पडलं तर तेच घेऊन ते तुमच्यावर येऊ शके.

पण या 50 टक्क्यांच्या नाणेफेकीत वेळ जातो आणि लागोपाठ तीन वार वाया गेले की खेळाडू वैतागतो. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने त्या जागी इनसब्स्टॅन्शियल आणलं: बहुतेक सगळं डॅमेज सरसकट निम्मं. 2009 च्या पाथफाइंडर या याच जातीच्या खेळानेही नाणेफेक सोडून निम्म्याचाच रस्ता धरला. हिशेब सोपा झाला, भीती मात्र कमी झाली.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत डॅमेजचे 13 प्रकार आहेत, आणि भुताचं वेगळेपण आता त्या यादीतून व्यक्त होतं. नेक्रॉटिक (मृत्यूची शक्ती), पॉयझन आणि कोल्ड यांना इम्युनिटी, म्हणजे काहीच लागत नाही. अ‍ॅसिड, फायर, लाइटनिंग, थंडर आणि बिनजादूच्या हत्यारांना रेझिस्टन्स, म्हणजे निम्मं. रेडियंट (दैवी तेज), फोर्स, सायकिक (मनावरचा मार) पूर्ण लागतात. भुताचे हिट पॉइंट, म्हणजे संपेपर्यंत सोसता येणारा मार, 45. साध्या तलवारीने सरासरी 10 चं डॅमेज करणाऱ्या फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, एरवी पाच वार पुरले असते, इथे नऊ लागतात. पूर्वीचं कुलूप गेलं, आता टोलनाका आहे: जाता येतं, फक्त महाग पडतं. पहिल्या लेव्हलचा फायटरही काठीने भूत मारू शकतो, तेवढं जगला तर.

शिवाय दोन-तीन लेव्हलमध्ये कुणाच्या तरी हाती जादूची तलवार येतेच, आणि मग तो 'बिनजादूचं' हा शब्द कागदावरच राहतो. 2025 च्या मॉन्स्टर मॅन्युअलने तो काढूनच टाकला. आता भुतापुढे तलवार जादूची असो वा लोहाराकडची, वार निम्माच. आणि 2024 च्या नियमांप्रमाणे सहाव्या लेव्हलच्या मंकला (रिकाम्या हाताने लढणाऱ्या पात्राला) आपल्या ठोशाचं डॅमेज फोर्स म्हणून देता येतं. त्यामुळे नुसती +3 (म्हणजे भारी जादूची) तलवार घेतलेला फायटर निम्म्यावर अडकतो आणि शेजारचा मंक रिकाम्या हाताने पुरता ठोसा लगावतो. 1974 मध्ये ज्या जादूच्या तलवारीसाठी पार्टी जीव धोक्यात घालायची, ती एका बुक्कीपुढे मागे पडली.