सुजलेलं वाकडं आणि खरंच वाकडं

नाकाचा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेनंतर नाकावरचं प्लास्टर निघालं की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग एका सकाळी डावी नाकपुडी उजवीपेक्षा मोठी दिसते, शेंडा जरा सरकल्यासारखा वाटतो आणि पोटात गोळा येतो. आधीची शस्त्रक्रिया मनासारखी न झाल्यामुळे दुसऱ्यांदा नाक करून घेतलेल्यांना ही धास्ती जास्त असते. एकदा दुधानं तोंड पोळलेलं असतं ना!

आरशात दिसणारा हा वाकडेपणा दोन अगदी वेगळ्या गोष्टींमुळे येऊ शकतो. एक, सूज दोन्ही बाजूंना सारखी नसणं. दुसरी, आतला हाडाचा किंवा कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, सांगाडाच एका बाजूला असणं. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून एका दिवसाच्या आरशावरून निकाल लागत नाही. त्या पुढे कशा वागतात यावरून मात्र बरंच कळतं.

आधी सूज. शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंना सारखंच काम होतं असं नाही. एकीकडे हाड जास्त सरकवावं लागतं, एकीकडे कूर्चेचा तुकडा बसवला जातो, एकीकडे जुन्या जखमेची चिवट ऊती सोडवत आत जावं लागतं. जिथे छेडछाड जास्त तिथे सूज जास्त. शिवाय सुजेचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या पहिल्या वेळीच तुटलेल्या असतात. त्या जेमतेम सावरतात तोवर पुन्हा कापल्या जातात, आणि आता त्यांच्या वाटेत जुना व्रणही असतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर नाक साधारण वर्षभरात स्थिरावतं. दुसऱ्या वेळी 12 ते 18 महिने धरून चालावं, त्वचा जाड असेल तर 2 वर्षंसुद्धा. सगळ्यात उशिरा उतरतो तो शेंडा.

सुजेची खूण म्हणजे तिचा चंचलपणा. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. ज्या कुशीवर झोपलात ती बाजू फुगलेली. खारट खाल्लं, उन्हात फिरलं, व्यायाम केला की पुन्हा वर. परवा नाक सरळ होतं आणि आज वाकडं आहे असं वाटत असेल तर तो बहुतेक सुजेचाच खेळ. सांगाडा रात्रीतून डावीकडे जाऊन सकाळी परत येत नाही.

सांगाड्याचा दोष तसा हट्टी. सकाळ असो वा संध्याकाळ, तो त्याच जागी, तेवढाच दिसतो. इथे एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे: नाक सगळीकडे एकाच वेळी पक्कं होत नाही. वरचा हाडाचा भाग कापून बसवला असेल तर तो साधारण 6 ते 8 आठवड्यांत जुळून येतो, म्हणून तिथला दोष शेंड्याच्या आधी ओळखता येतो. शेंड्याबद्दल तिसऱ्या महिन्यात ठाम मत देणं मात्र घाईचं, मग ते रुग्णानं दिलेलं असो की शेजाऱ्यानं.

सूज उतरते, दोष उतरत नाही, असं म्हटलं की विषय संपायला हवा. पण तसा तो संपत नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेत नाकाच्या पडद्याची कूर्चा बहुधा आधीच वापरून झालेली असते, म्हणून कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. बरगडीची कूर्चा कोरल्यावर वळू शकते, कारण तिच्या बाहेरच्या आणि आतल्या थरांतला ताण सारखा नसतो. गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, की मधल्या गाभ्यातून समतोल कोरलेला तुकडा कमी वळतो. म्हणजे इथे वाकडेपणा काळासोबत वाढूही शकतो. पण वाढतोय म्हणजे कूर्चाच वळतेय असंही नाही, कारण सुजेनं झाकलेला जुना दोष सूज उतरल्यावर उघडा पडतो. या दोहोंतला फरक हातानं चाचपून आणि आधीचे फोटो पाहून डॉक्टरच करू शकतात. रोज स्वतः दाबून बघण्यानं सूज तेवढी वाढते.

शेंड्याच्या जरा वर येणारा फुगवटाही गोंधळात टाकतो. तो मऊ व्रणऊतीचा असेल तर टेपनं किंवा स्टेरॉइडच्या लहान इंजेक्शनांनी कमी होऊ शकतो. औषध जास्त झालं तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो, म्हणून त्याची घाई नको. फुगवटा कूर्चेचाच असेल तर इंजेक्शनचा उपयोग नाही.

श्वासाबाबतही हीच गफलत होते. निरोगी नाकातसुद्धा एक बाजू काही तास जरा बंद, मग दुसरी, असं आलटून पालटून चालतं. एरवी ते जाणवत नाही. शस्त्रक्रियेनंतर लक्ष तिथेच असतं म्हणून जाणवतं. बाजू बदलत असेल तर चिंता नको. आतली सूज उतरल्यावरही कायम तीच बाजू बंद राहत असेल तर आतून तपासून घ्यावं.

आणि मोबाइल! सेल्फी घेताना सुमारे 30 सेंटिमीटरवरून नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं, असं 2018 मधल्या एका गणिती अभ्यासात निघालं होतं. फोन थोडा तिरपा धरला की दोन नाकपुड्याही वेगळ्या दिसतात. मागच्या कॅमेऱ्यानं, तेवढ्याच अंतरावरून, त्याच उजेडात, महिन्यातून एकदा फोटो काढावा. रोजच्या शंभर सेल्फींपेक्षा असे सहा फोटो डॉक्टरांना जास्त सांगतात. शस्त्रक्रियेआधीचा फोटोही शेजारी ठेवावा. हनुवटी किंवा भुवया आधीपासून तिरप्या असतील तर सरळ नाकही वाकडं भासतं.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नये: ताप, वाढत जाणारी लाली, पू, त्वचा पांढरी किंवा काळीनिळी पडणं, मार बसल्यावर आकार बदलणं, सुरुवातीच्या दिवसांत ठणक्यासह नाक अचानक चोंदणं. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. एरवी पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार साधारण वर्षाच्या आत करत नाहीत.

पुढच्या भेटीला जाल तेव्हा ‘नाक सरळ होईल ना?’ याऐवजी कुठल्या बाजूला काय बसवलंय, किती जाड आणि का, हे विचारा. डावीकडे जाणवणारा उंचवटा कधीकधी खचलेली बाजू उचलायला मुद्दाम ठेवलेला तुकडाच निघतो.