क्राइम सीन क्लीनिंग

खून, आत्महत्या, मोठा अपघात किंवा बंद घरात कुणी एकटं वारलं आणि काही दिवसांनी कळलं, अशा जागेवरचं रक्त, शरीरातले द्रव, वास आणि जंतू काढून जागा परत राहण्यासारखी करायची, या कामाला क्राइम सीन क्लीनिंग म्हणतात. खूप लोकांना वाटतं की हे पोलीस करतात. पोलीस पंचनामा करतात, फोटो घेतात, नमुने नागपूरच्या फॉरेन्सिक लॅबला पाठवतात, बॉडी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत पीएमसाठी (शवविच्छेदनासाठी) जाते आणि जागा मोकळी झाली की किल्ली घरच्यांच्या हातात. तेरवीच्या आधी घर लागतं, मग ज्यांचं माणूस गेलं तेच बादली-पोछा घेऊन बसतात, नाहीतर कामवाल्या बाईला सांगतात, तेही साध्या हातमोज्यांशिवाय, आणि हे खरंच व्हायला नको.

पोलिसांनी जागा सोडल्याशिवाय एक डागही पुसायचा नाही. मुद्दाम पुरावा नाहीसा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली गुन्हा लागतो (आधीचं आयपीसी 201). सफाई करताना सोफ्याखाली चाकू किंवा गोळीचा तुकडा दिसला तर हात न लावता काम थांबवून तपास अधिकाऱ्याला फोन करायचा.

अंगात कव्हरऑल (अंगभर झाकणारा संरक्षक सूट), डबल ग्लोव्हज, गॉगल, मास्क, गमबूट. वाळलेल्या रक्तातही हिपॅटायटीस बीचा विषाणू 7 दिवस टिकू शकतो, म्हणून या कामात उतरणाऱ्याने लसीचे 3 डोस घेतलेलेच पाहिजेत. रक्त आधी शोषून घ्यायचं, मग 1 टक्का हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीचचं पाणी) टाकून किमान 10 मिनिटं थांबायचं आणि बाहेरून आत पुसत यायचं. गरम पाणी नको, त्याने डाग पक्का बसतो. ब्लीचमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड तर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो.

खरं कष्टाचं काम दिसत नाही तिथं असतं. नागपूरच्या महाल-इतवारी भागातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असली की रक्त सांध्यातून खाली मुरतं, वरून सगळं चकाचक दिसतं आणि दोन दिवसांनी वास परत येतो, मग फरशी उचलावी लागते, कधी प्लास्टरही खरवडावं लागतं. गादी, उशा, प्लायवूड वाचवायच्या भानगडीत पडू नये. फिनाइलने वास तेवढ्यापुरता दबतो, मुरलेलं निघाल्यावरच वास मारणारं ओझोन मशीन लावण्यात अर्थ आहे.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बंद फ्लॅटमध्ये बॉडी फार लवकर खराब होते, आणि शेजारचे आपुलकीने म्हणतात कूलर लावा जरा, वास जाईल. लावू नका, वाळलेले कण घरभर उडतात. त्या उकाड्यात कव्हरऑल घालून माणूस फार वेळ टिकत नाही, म्हणून पहाटे सुरू करायचं, पाळीपाळीने आत जायचं, ओआरएस जवळ ठेवायचं.

रक्ताने भिजलेला कचरा महापालिकेच्या कचरागाडीत टाकायचा नसतो, तो पिवळ्या पिशवीत भरून बायोमेडिकल वेस्ट जाळणाऱ्या सेंटरला द्यायचा. फोटो, कागदपत्रं, दागिने मात्र पुसून वेगळे ठेवायचे आणि घरच्यांच्या हातात मोजून द्यायचे.